ॲलिस कोल्ट्रेनने वाद्यं खाली ठेवलीच नव्हती

‘जॅझचा बादशहा जॉन कोल्ट्रेन गेला आणि त्याच्या पत्नीने दुःखाच्या भरात संगीत सोडून हिंदू संन्यास घेतला.’ अमेरिकन जॅझ पियानोवादक ॲलिस कोल्ट्रेनबद्दल ही गोष्ट सर्रास फिरते. आपल्याला ती आवडते, कारण तिच्यात आपला मोठेपणा आयताच सिद्ध होतो. पण ती टिकत नाही.

आधी ‘पत्नी’ ही ओळख. १९३७ साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेली ही मुलगी चर्चमध्ये वाजवत मोठी झाली. पॅरिसला बड पॉवेलसारख्या पियानोवादकाकडे शिकली, टेरी गिब्जच्या बँडमध्ये होती. जॉनशी ओळख झाली त्यानंतर, १९६३ मध्ये. १९६६ मध्ये पियानोवादक मॅकॉय टायनरच्या जागी ती जॉनच्या बँडमध्ये बसली. ती खुर्ची नुसत्या लग्नाच्या नात्यावर मिळणारी नव्हती.

दुःखाचं म्हणणं मात्र खरं आहे. जुलै १९६७ मध्ये जॉन यकृताच्या कर्करोगाने गेला, पदरात चार लहान मुलं. पण म्हणून संगीत सुटलं? पुढच्याच वर्षी तिचा स्वतःचा पहिला अल्बम आला. योगगुरू स्वामी सच्चिदानंदांच्या नावाचा, तानपुऱ्याच्या सुरावर हार्प (बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य) वाजणारा अल्बम १९७१ चा. संन्यास घेतला १९७६ मध्ये, आणि त्यानंतरही वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीसाठी तिची रेकॉर्डिंग चालूच होती. सत्तरच्या दशकाअखेर ती जॅझच्या बाजारातून बाहेर पडली, एवढंच.

‘मग ती आपलं शास्त्रीय संगीत गाऊ लागली’ अशी पुस्तीही काही जण जोडतात. त्यांनी १९८२ ते १९९५ दरम्यान कॅलिफोर्नियातल्या आपल्या आश्रमाच्या मंडळींसाठी तिने काढलेल्या कॅसेट ऐकाव्यात. शब्द राम-कृष्णाचे, पण ऑर्गनवरचा हात डेट्रॉइटच्या चर्चचा. टाळ्या पडतात, कोरस गॉस्पेलसारखा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांसारखा, उसळतो आणि मधूनच सिंथेसायझरचा स्वर सायरनसारखा घसरत वर चढतो. रागाचे नियम शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. मला तर ही भजनं तिच्या नावाजलेल्या जॅझ अल्बमांपेक्षाही धीट वाटतात.

आणि जुनं टाकून नवं घेतलं म्हणावं, तर २००४ चा तिचा शेवटचा अल्बम बघा. मुलगा रवी (पंडित रविशंकरांवरून ठेवलेलं नाव) त्याचा निर्माता. त्यात ‘सीता राम’ आहे आणि ‘धिस ट्रेन’ हे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं जुनं गाणंही.