टाकी मोठी म्हणून पल्ला दुप्पट होत नाही

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल घ्यायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो. त्याचा आशय असा: पुढे झुकून बसायच्या, वेगासाठी बनवलेल्या स्पोर्ट बाइकवर तासाभरात मनगटं आणि पाठ जाते, लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या टूरिंग बाइकवर दिवसभर बसलात तरी काही दुखत नाही. तिची सीट मऊ, काच मोठी आणि टाकी एवढी की एका भरण्यात पल्ला दुप्पट मिळतो. यात खरं आहे तेवढं मी मान्य करणार आहे. पण हा सल्ला जसाच्या तसा ऐकून लोक लाखमोलाचा निर्णय घेतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी पल्ला, कारण तिथे आकडे बोलतात. यामाहा आर1 या स्पोर्ट बाइकची टाकी 17 लिटरची आणि बीएमडब्ल्यू आर 1250 आरटी या टूरिंग बाइकची 25 लिटरची. कंपन्यांच्याच आकड्यांप्रमाणे पहिली लिटरमागे 14 किलोमीटरच्या आसपास जाते, दुसरी 21च्या आसपास. म्हणजे एकीकडे 240 किलोमीटर, दुसरीकडे 525. या जोडीपुरता ‘दुप्पट’ हा शब्द खरा आहे.

आता दुसरी जोडी घ्या. होंडा गोल्डविंगची टाकी पूर्वी 25 लिटरची होती. 2018च्या नव्या मॉडेलपासून ती 21 लिटरची झाली. लिटरमागे 18 किलोमीटर धरले तर साधारण 380 किलोमीटर होतात. कावासाकी निन्जा 400ची टाकी फक्त 14 लिटरची, पण ती लिटरमागे 25च्या आसपास देते, म्हणजे 350. टूरिंग म्हटलं की जी गाडी आधी डोळ्यांसमोर येते ती, आणि 400 सीसीची एक स्पोर्ट बाइक, यांच्यात अंतर पडलं जेमतेम 30 किलोमीटरचं. आर1 पेट्रोल जास्त पिते ती तिच्या अंगावर फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं बाहेरचं आवरण, आहे म्हणून नाही. चढ्या आरपीएमवर ताकद देण्यासाठी बांधलेलं हजार सीसीचं इंजिन आणि रेसट्रॅकच्या वेगांसाठी ठरवलेलं गिअरिंग, हे त्याचं कारण. पल्ला विचारायचा असेल तर इंजिनाला विचारा, गाडीच्या वर्गाला नको.

त्यात वेगाचा हिशेब कुणी मांडतच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या, म्हणजे वेग गुणिले वेग या प्रमाणात वाढतो. ताशी 100च्या तुलनेत 120ला तो 44 टक्क्यांनी जास्त असतो, 140ला जवळजवळ दुप्पट. पेट्रोल अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, पण वाढतं ते चांगलंच जाणवतं. ताठ बसलेला चालक, दोन्ही बाजूंचे पॅनियर (सामानाच्या पेट्या) आणि मागचा टॉप बॉक्स यांमुळे गाडी वाऱ्याला जास्त अडते. मोठ्या टाकीच्या भरवशावर सुसाट निघालेला माणूस तिचा बराचसा फायदा रस्त्यातच सांडतो.

शिवाय टाकीचा शेवटचा थेंब संपेपर्यंत कुणी चालवत नाही. तीन-चार लिटर शिल्लक असतानाच पंप शोधायला लागतो. आणि न थांबता अडीच तासांपेक्षा जास्त बसणारे किती? सरासरी ताशी 100 धरली तरी 250 किलोमीटरला पाय मोकळे करायला उतरावंच लागतं. जिथे पंप जवळजवळ आहेत तिथे 500 किलोमीटरच्या पल्ल्याचा उपयोग थोडा. जिथे दोन पंपांमध्ये शेकडो किलोमीटर जातात तिथे मात्र मोठी टाकी अनमोल आहे, आणि तिथे मीही टूरिंगच सुचवेन.

आता मनगटं. स्पोर्ट बाइकचं क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कलाच जोडलेले दोन सुटे दांडे) खाली असल्यामुळे धडाचं वजन हातांवर येतं, हे खरं. पण ते सर्वांत जास्त टोचतं गर्दीत, कमी वेगात. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की समोरून येणारा वारा छातीला टेकू देतो आणि हात हलके होतात. गुडघ्यांनी टाकी धरून पोटाच्या स्नायूंवर अंग तोललं तर आणखी हलके. ताठ बसण्याचीही किंमत असते: सगळं वजन बुडावर येतं आणि खड्ड्याचा दणका सरळ मणक्यातून वर चढतो. थोडं पुढे झुकलेलं अंग तो वाटून घेतं. 1976ची बीएमडब्ल्यू आर 100 आरएस पाहा. बारीक, खालचं हँडल, वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) घडवलेली फेअरिंग आणि 24 लिटरची टाकी. झुकून बसायची असूनही ती लांब पल्ल्याची गाडी म्हणूनच नावाजली गेली. मान आणि दुमडलेले गुडघे यांच्याबाबत मात्र मी सल्ला देणाऱ्याच्या बाजूने आहे. आर1सारख्या अस्सल सुपरस्पोर्टवर त्यांना सुटका नाही.

मऊ सीट दुकानात फसवते. पहिल्या दहा मिनिटांत ती गादी वाटते. दोन तासांनी फोम दबतो आणि बूड खालच्या कडक तळाला टेकतं. रुंद, जरा घट्ट आणि मागेपुढे सरकायला जागा देणारी सीट दिवसभर साथ देते. अशी सीट बहुतेक गाड्यांवर बसवता येते.

काचेबद्दल एवढंच: मोठी काच पाऊस आणि थंडी अडवते, पण तिची कड तुमच्या उंचीला जुळली नाही तर तिथून फुटलेला वारा थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोकं तासन्‌तास थरथरतं. स्पोर्ट बाइकच्या बुटक्या काचेमागे वारा जोरात लागतो, तरी तो सलग असतो. कडक उन्हात तर तो हवाहवासा वाटतो. आणि 1975ची पहिली गोल्डविंग कंपनीने फेअरिंगशिवायच बाजारात आणली होती, हेही लक्षात असू द्या.

वजनाचा या सल्ल्यात उल्लेखच नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. गोल्डविंग टूर 380 किलोच्या आसपास भरते, आर1 साधारण 200. चालत्या गाडीत हा फरक विसरायला होतो. पण दिवसाच्या शेवटी, थकलेल्या पायांनी, उतारावरच्या खडीत गाडी वळवताना तो 180 किलोचा फरक सगळा अंगावर येतो. गोल्डविंगला रिव्हर्सची सोय द्यावी लागली ती उगाच नाही. ज्याला गाडीचं वजन पेलत नाही त्याच्यासाठी ती आरामदायी कशी?

जोडीदाराला मागे बसवून जायचं असेल तर मात्र माझा प्रतिवाद थांबतो. सुपरस्पोर्टच्या मागच्या सीटवर तळहाताएवढी गादी, छातीशी येणारे गुडघे आणि धरायला काही नाही, अशी अवस्था असते. टूरिंग बाइकवर त्याच माणसाला पाठीला टेकण आणि पायाला प्रशस्त जागा मिळते, आणि सामान पॅनियरमध्ये गेल्यामुळे पाठीवर बॅगही राहत नाही. दोघांनी आठवडाभर फिरायचं असेल तर टूरिंग घ्या, आणि दुकानात बोलणी करण्याआधी मागे बसणाऱ्यालाही तासभर तिच्यावर फिरवून आणा.