अंड्याचा वार

आई-वडिलांनी मनावर घेतलं तर गरिबीतही मुलं धडधाकट होतात, सरकारी पैशाने फारसा फरक पडत नाही, असा सूर असलेला एक लेख वाचला, तो काही पटला नाही. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं (न खाणाऱ्यांना केळं) सुरू केलं. त्या दिवशी वर्ग भरलेला असायचा. दुसरीतली एक पोरगी अर्धं अंडं खाऊन उरलेलं वहीच्या कागदात गुंडाळायची. धाकट्या भावासाठी. आई-बाप ऊसतोडीला कर्नाटकात, घरी फक्त आजी. इथे मनावर कोणी घ्यायचं, सांगा!

जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा निधी बंद झाला. वर्षाचे साधारण 50 कोटी वाचले म्हणे. हवी तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. आमच्याकडे लोकसहभाग मंदिराच्या कळसाला मिळतो हो, अंड्याला वर्गणी मागितली की लोक आधी हसतात आणि मग जात विचारतात. दोन महिने आम्ही शिक्षकांनीच पदरचे पैसे घातले. मग तेही थांबलं.