हातोडा हाती घेण्यापूर्वी

मंत्री व्हायचं खूळ डोक्यातून काढून टाका. मंत्र्याला फायली वाचाव्या लागतात, निदान वाचल्यासारखं करावं लागतं, शिवाय काही बिनसलं की राजीनामा त्याचाच मागतात. तुमच्यासारख्या महत्त्वाकांक्षी माणसानं सभागृहाचं अध्यक्ष व्हावं. तिथं एका उंच खुर्चीत बसायचं, हातोडा आपटायचा आणि कोणी उभं राहिलं की विचारायचं, "माननीय सदस्य कशासाठी उभे राहिले आहेत?" उत्तर आवडलं तर ऐकू येतं. नाही आवडलं तर तुम्हाला तो सदस्य दिसतच नाही.

या विद्येतला थोर गुरू तुम्हाला अमेरिकेत सापडेल. जोसेफ गर्नी कॅनन, मुक्काम डॅनव्हिल, इलिनॉय. १९०३ ते १९११ अशी आठ वर्षं ते प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, स्पीकर, म्हणजे अध्यक्ष होते. तोंडावर लोक त्यांना 'अंकल ज्यो' म्हणत आणि पाठीमागे 'झार'. दोन्ही नावं एकाच माणसाला शोभली पाहिजेत, हा पहिला धडा. नुसता झार झालात तर बंड लवकर होतं, नुसता काका झालात तर कोणी विचारत नाही.

जन्म शक्य तो आडगावात घ्या. कॅननसाहेब १८३६ साली नॉर्थ कॅरोलायनात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या एका कुटुंबात जन्मले, मग घरचे सगळे इंडियानाला गेले. वडील गावातले डॉक्टर. एका रोग्याला बघायला जाताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले, तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा. मग दुकानात नोकरी, पैसा पैसा जोडून कायद्याचा अभ्यास आणि इलिनॉयमध्ये वकिली. इथं थट्टा करण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जाऊ. क्वेकर मंडळी प्रार्थनेला जमतात ती गप्प बसायला. त्यांच्यातून आलेल्या या गृहस्थानं पुढे सिगार, पत्ते आणि शिव्या या तिन्ही विषयांत नाव काढलं. संस्कारांचं ओझं फार होऊ देऊ नये ते असं.

गावंढळपणाची मात्र लाज बाळगू नका, तो सांभाळून ठेवा. कॅनन १८७२ साली निवडून आले आणि पुढच्या वर्षी सभागृहात दाखल झाले. नवखे असताना ते टपालाच्या विधेयकावर हातवारे करत बोलत होते, तेव्हा न्यू जर्सीच्या एका श्रीमंत सदस्यानं टोमणा मारला की या गृहस्थांच्या खिशात ओट्सचे दाणे असावेत. तुम्ही किंवा मी असतो तर खिसा झटकून दाखवला असता. कॅनन म्हणाले, खिशात दाणे आहेतच, केसांत गवताचं बीसुद्धा आहे आणि आमच्या पश्चिमेकडच्या सगळ्यांचं असंच आहे. दुसऱ्याच्या टोमण्यावर फुकटात नाव झालं. पुढली जवळजवळ पन्नास वर्षं हे बी त्यांनी केसांतून पडू दिलं नाही. मतदारसंघात गेलं की शेतकरी, वॉशिंग्टनमध्ये बसलं की सभागृहाचे मालक.

आता मुद्द्याचं. सत्ता कुठे असते? भाषणात नसते, ती वाढप्याच्या हातात असते. वाढपी ओळखीचा असेल तर पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं, असं आपण म्हणतो. कॅनन यांनी त्याच्या पुढचा विचार केला आणि ते स्वतःच वाढपी झाले. कोणता सदस्य कोणत्या समितीवर जाणार, हे स्पीकर ठरवणार. समितीचा अध्यक्ष कोण, तेही स्पीकर ठरवणार. कोणतं विधेयक कधी यायचं आणि त्यावर किती वेळ बोलायचं हे ठरवणारी एक नियम समिती होती. तिच्यात माणसं पाच. त्यांतले तीन सत्ताधारी पक्षाचे आणि त्या तिघांत अध्यक्ष म्हणून खुद्द स्पीकर. उरलेल्या दोन विरोधकांना चहा घ्यायला यायची मुभा होती, असं समजा. म्हणजे ताट यांचं, वाटी यांची, आणि भूक लागली की नाही हेही हेच सांगणार.

हे जमलं की बाकी गोष्टी आपोआप जमतात. तोंडी मतदानात 'हो'वाल्यांचा आवाज जास्त आला तर काय करायचं? कॅनन यांच्या नावावर एक उत्तर सांगतात: 'हो'वाल्यांनी आवाज जास्त केला, पण जिंकले 'नाही'वाले. असं एकदा बिनधास्त म्हणून बघा, घसा साफ करून. पहिल्या वेळी जड जातं. स्वपक्षातलं कोणी कुरकुर केली तर भांडू नका, आवाजसुद्धा चढवू नका; पुढच्या वेळी समित्यांची यादी वाचताना त्याचं नाव तेवढं विसरा. न्यू जर्सीचे फाउलर बँकिंग आणि चलनाच्या समितीचे अध्यक्ष होते, विस्कॉन्सिनचे कूपर बेटांवरच्या मुलखांच्या समितीचे. १९०९ मध्ये दोघंही अध्यक्ष राहिले नाहीत. दोघेही रिपब्लिकन, म्हणजे कॅनन यांच्याच पक्षाचे. परक्याला शिक्षा करण्यात काय मोठेपणा?

एका मतदारानं सभागृहाच्या नियमांची प्रत मागितली, तर त्याच्या प्रतिनिधीनं त्याला कॅनन यांचा फोटो पाठवून दिला, असा किस्सा सांगतात. तुमचे फोटो आजच काढून ठेवा. प्रती भरपूर काढा.

नकार देताना कारणं देत बसू नका. पूर्वेकडच्या डोंगरांतली जंगलं सरकारनं विकत घेऊन राखावीत, अशी मागणी तेव्हा जोरात होती. कॅनन यांचं उत्तर तीन-चार शब्दांचं: देखाव्यासाठी एक सेंटही नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे, जंगलांचे वेडे आणि सुधारणांचे त्याहून वेडे. त्यांच्याबद्दल कॅनन म्हणाले म्हणे की, बोक्याला लग्नाच्या परवान्याची जेवढी गरज, तेवढीच या माणसाला राज्यघटनेची. ही राज्यघटना लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा ती बोक्याच्या बाजूची नसेल.

कारण गुरूंकडून एक चूक झाली. ती तुम्ही करू नये, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९१० सालचा मार्च. आदल्याच वर्षी कुरकुर शमवायला म्हणून बुधवार समित्यांना तोडून दिला होता. त्या दिवशी स्पीकरनं मधे लुडबूड करायची नाही. १६ मार्चला बुधवार होता आणि कॅनन यांच्या माणसांना जनगणनेचा एक ठराव त्याच दिवशी पुढे रेटायचा होता. सभागृहानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. युक्तिवाद असा की, जनगणना करा असं राज्यघटनाच सांगते, म्हणून हा ठराव बाकी सगळ्या कामाच्या आधी घ्यायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव पुढे करून मोठा लाडू उचलावा, तसलं हे. उचलताना कोण बघतंय ते बघायचं असतं.

बघत होते नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस. तेही रिपब्लिकनच. या माणसाच्या कोटाच्या खिशात बऱ्याच दिवसांपासून एक कागद होता. नियम समिती मोठी करा, ती सभागृहानं निवडून द्या आणि तिच्यात स्पीकर नको, असा ठराव. तो मांडायला वाटच नव्हती, कारण असले ठराव जायचे नियम समितीकडे, आणि तिथं कोण बसलं होतं ते वर सांगितलंच आहे. त्या गुरुवारी नॉरिस उठले आणि म्हणाले, माझ्याकडे राज्यघटनेनंच अग्रक्रम दिलेला एक ठराव आहे. कॅनन म्हणाले, तसा असेल तर मांडा. कागद बाहेर आला. युक्तिवाद सरळ होता: प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम ठरवील, असं त्याच राज्यघटनेत लिहिलं आहे. जनगणनेला घटनेच्या नावानं पहिली पंगत मिळत असेल, तर नियमांनाही मिळाली पाहिजे.

आपलेच दात, आपलेच ओठ. बरं, त्या दिवशी सेंट पॅट्रिकचा, म्हणजे आयरिश लोकांचा सण, कॅनन यांची बरीच माणसं गावात साजरा करायला गेलेली. म्हणून निर्णय न देता चर्चा लांबवायची ठरली. ती रात्रभर चालली. गैरहजर सदस्यांना घरून आणायला सभागृहाचे लोक पाठवले. बाकावर झोपा काढत, सिगार ओढत, एकमेकांना टोमणे मारत मंडळींनी रात्र काढली, आणि खुर्चीत बसलेला त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा काही हलला नाही. या चिवटपणाचं मला खरंच कौतुक वाटतं. पण चिवटपणानं मतं वाढत नाहीत. शनिवारी, १९ तारखेला, त्यांनी नॉरिस यांचा ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहानं तो निर्णय फिरवला आणि ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला. नियम समिती दहा जणांची झाली, निवडून दिलेली. स्पीकर बाहेर.

हरल्यावर कसं वागावं, हे मात्र त्यांच्याकडूनच शिका. राजीनामा देणार नाही, म्हणाले. मला काढायचंच असेल तर खुर्ची रिकामी करण्याचा ठराव आणा, मी तो घेतो. टेक्ससचे बर्लसन यांनी आणलाही. १५५ विरुद्ध १९२, ठराव पडला. आत्ताच ज्यांनी हातातला डाव काढून घेतला होता, त्या बंडखोर रिपब्लिकनांपैकी बहुतेकांनी याच वेळी खुर्ची राखायला मत दिलं, कारण स्पीकर गेला तर ती डेमोक्रॅटांना मिळायची भीती. तुमच्यावरही पाळी येईल तेव्हा आधी खुर्ची पणाला लावा. डाव घ्यायला सगळे तयार असतात, खुर्ची उचलायला सहसा कोणी पुढे येत नाही.

त्या खुर्चीत ते पुढल्या मार्चपर्यंत बसले. सुटायला तीन दिवस उरले असताना, १ मार्च १९११ रोजी, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी पूर्वेकडची जंगलं विकत घेण्याच्या कायद्यावर सही केली. देखाव्यासाठी एक सेंटही नाही म्हणता म्हणता कैक लाख डॉलरची तरतूद झाली. १९१२ मध्ये कॅनन निवडणूक हरले, १९१४ मध्ये पुन्हा जिंकून आले आणि मग साध्या सदस्याच्या बाकावर, सिगार ओढत, १९२३ पर्यंत बसले. एकूण सेहेचाळीस वर्षं. तुम्ही एवढं लांबवू नका, खुर्चीच्या मानानं बाक टणक असतो.

ते निवृत्त होत होते त्याच आठवड्यात 'टाइम' नावाचं एक नवं साप्ताहिक निघालं. ३ मार्च १९२३ चा पहिला अंक. मुखपृष्ठावर अंकल ज्यो यांचं चित्र. नियमांच्या प्रतीऐवजी फोटो पाठवायची सवय माणसाला कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही. तुमच्या फोटोंचं मघाशी म्हणालो ते त्यासाठीच. ऐन छपाईच्या वेळी शोधाशोध नको.