अर्ध्या कॅप्सूलने कोंबडी बरी होत नाही

पाऊस लागला की गोराईपासून आरेतल्या पाड्यांपर्यंत कोंबड्या पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. ‘कोंबडी शिंकते, घरघरते, चोच उघडून श्वास घेते म्हणजे सर्दी. अमॉक्सिसिलिनची अर्धी कॅप्सूल पाण्यात घाला, आलं-लसणीचा काढा ड्रॉपरने घशात सोडा, ओव्याची धुरी द्या. तीन दिवसांत ठणठणीत, मग कळपात सोडा. डॉक्टर लागत नाही. घरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू होत नाही.’

आधी ती ‘सर्दी’. उकाड्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, कारण तिला घामाच्या ग्रंथीच नसतात. सावली आणि गार पाणी मिळालं की थांबते. मान ताणून आ वासत असेल, डोकं झटकत असेल तर श्वासनळीत जंत असू शकतात. तोंड सुजून नाकातून घाण वासाचा शेंबूड येतो तो कोरायझा. डोळ्यांत फेस, रात्री घरघर आणि हळूहळू खंगणं ही सीआरडीची, म्हणजे श्वसनाच्या जुनाट, चिवट आजाराची चाल. हिरवी हगवण, वाकडी मान, पटापट मरतूक दिसली तर मानमोडी, म्हणजे रानीखेत. आणि कधी कधी आजार नसतोच, तुसाची गादी भिजून अमोनिया सुटलेला असतो. खुराड्यात वाकल्यावर तुमचेच डोळे चुरचुरले तर औषध सोडा, तूस बदला.

आता कॅप्सूल. मला सगळ्यात जास्त चीड येते ती हिची. सीआरडी करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंतच) नसते आणि अमॉक्सिसिलिन नेमकं भित्तिकेवरच वार करतं. म्हणजे नेम लावला, पण समोर काहीच नाही. रानीखेत विषाणूचा, तिथे कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. ओल्या तुसावरच्या बुरशीने फुफ्फुसं धरली असतील तरी तेच. टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक्स सीआरडीवर लागू पडतात, पण मात्रा पशुवैद्याने ठरवायची. आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, मग पाण्यातलं अर्ध्या कॅप्सूलचं औषध तिच्या पोटात किती गेलं हे कोण सांगणार? शिवाय औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

लसूण खाद्यात मिसळली तर फारसं बिघडत नाही, आजारही जात नाही. काढा घशात सोडणं मात्र धोक्याचं. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, तिथून काढा सरळ फुफ्फुसात. धुरीचंही तेच. पक्ष्याच्या अंगात नऊ हवेच्या पिशव्या असतात, धूर पार आतवर जातो.

‘तीन दिवसांत कळपात सोडा’ या सल्ल्याने तर अख्खं खुराडं बसतं. सीआरडी आणि कोरायझातून उठलेली कोंबडी टुणटुणीत दिसते, पण जंतू अंगात बाळगून असते. सीआरडी अंड्यातून पिल्लांतही उतरतो. म्हणून आजारी पक्षी वेगळा ठेवा, दाणापाणी आधी निरोग्यांना आणि मग त्याला. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही तीन-चार आठवडे बाजूलाच. रानीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, आरटूबी ही रानीखेतचीच पुढची लस साधारण आठव्या आठवड्यात. ही टाळायची नाही.

डॉक्टर लागत नाही म्हणे! कोंबडीपेक्षा टॅक्सीचं भाडं जास्त होतं हे मान्य. पण १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि ‘बैलघोडा’ हे जनावरांचं इस्पितळ दोन्ही परळलाच आहेत, आणि एका पक्ष्याचं निदान झालं की बाकीच्यांचं काय करायचं ते कळतं.

राहिला बर्ड फ्लू. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यातल्या कोंबड्यांबरोबर मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही पॉझिटिव्ह आले होते. अंगणात मोकळी फिरणारी कोंबडी कावळ्यांच्या जवळ असते की शेडमधली? एकदम दोन-चार पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर मेलेल्यांना उघड्या हातांनी धरू नका, कापू नका, नाल्यात टाकू नका, परळलाही नेऊ नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याने ते मालकाला बंधनकारकच आहे.