तोतया व्हायचंय? आधी किल्ली हरवा

बिटकॉइन शंभर डॉलरला होता तेव्हाच घ्यायला हवा होता, ही हळहळ आता सोडा. तेव्हा घेतला असतात तर दीडशेला विकून फ्रीज आणला असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा सोपा मार्ग सांगतो. बिटकॉइन विकत घेऊच नका. बिटकॉइन मीच काढला, असं सांगत सुटा.

जागा रिकामी आहे. सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध जगापुढे ठेवला, ३ जानेवारी २००९ ला व्यवहारांच्या नोंदींच्या साखळीतला (ब्लॉकचेनमधला) पहिला ब्लॉक तयार केला, दोनेक वर्षं प्रोग्रॅमर मंडळींशी ईमेलवर चर्चा केली आणि २०११ च्या एप्रिलनंतर ती व्यक्ती (किंवा त्या व्यक्ती, एक की अनेक तेही ठाऊक नाही) दिसेनाशी झाली. मागे राहिले अंदाजे ११ लाख बिटकॉइन, जवळजवळ सगळे हात न लागलेले. मालकाचा पत्ता नाही, फोटो नाही, वारस नाही. सदाशिव पेठेत असा एखादा वाडा असता तर एव्हाना सतरा चुलतभाऊ सातबारा घेऊन दारात उभे राहिले असते.

या धंद्याची परंपरा तर आपल्याच घरची आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; पण पुण्यात पार्वतीबाई ते मानायला तयार नव्हत्या. मग कनोजकडचा एक गृहस्थ उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. १७७६ पर्यंत त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. इतकी माणसं फसली कशी, असा प्रश्न इतिहासाच्या तासाला आपण विचारतो. फसली नव्हती हो. काहींना भाऊ हवे होते, आणि काहींना भाऊंच्या नावावर किल्ले हवे होते. तोतयाने फक्त होकार द्यायचा होता.

तेव्हा गुरू निवडा. माझी शिफारस: डॉ. क्रेग राइट. जन्म १९७० सालचा, ब्रिस्बेनचा. संगणक सुरक्षेचा माणूस, पदव्यांचा षौकीन, ऑस्ट्रेलियात एकामागून एक कंपन्या काढलेला. बिटकॉइनवर चालणारी बँक काढायची होती, महासंगणक होता म्हणे, आणि ज्या कंपनीने तो बसवला असं सांगितलं ती कंपनी म्हणाली, हा गृहस्थ आमचा गिऱ्हाईकच नाही. कर खात्याशी परताव्यांवरून भांडण चालू होतं. डिसेंबर २०१५ मध्ये दोन अमेरिकी प्रकाशनांनी एकाच वेळी छापलं की सातोशी बहुधा हाच, आणि काही तासांतच सिडनीतल्या त्यांच्या घरावर छापा पडला. सातोशीच्या खजिन्यासाठी नव्हे, कराच्या भानगडीसाठी. यातून पहिला धडा घ्या: माणसाला अवतार घ्यावासा वाटतो तो बहुतेक वेळा नोटीस आल्यावर.

आता या विद्येचं मर्म ऐका. आपण सातोशी आहोत हे सिद्ध करणं दोन मिनिटांचं काम आहे. सुरुवातीच्या ब्लॉकांची खासगी किल्ली, म्हणजे फक्त मालकालाच ठाऊक असलेला गुप्त आकडा, ज्याच्याकडे, तो तिने कुठल्याही वाक्यावर डिजिटल सही करू शकतो. ‘आज भाजीला भेंडी आहे’ एवढं वाक्य चालेल. ती सही खरी की खोटी हे जगातला कुणीही आपल्या घरी बसून तपासू शकतो. साक्षीदार नको, वकील नको, शपथ नको. म्हणूनच पक्का तोतया ही दोन मिनिटं टाळण्यासाठी आठ वर्षं राबतो. कष्टाला पर्याय नाही.

राबायचं कसं? २०१६ च्या एप्रिलमध्ये राइटसाहेबांनी गॅव्हिन अँड्रेसन यांना लंडनला बोलावलं. अँड्रेसन म्हणजे साधी असामी नव्हे. सातोशीने जाताना प्रकल्पाची सूत्रं ज्यांच्या हाती दिली ते. रात्रभर विमानप्रवास करून आलेल्या माणसाला हॉटेलच्या खोलीत नव्या कोऱ्या लॅपटॉपवर सही करून दाखवली. फक्त तिची प्रत बरोबर न्यायला दिली नाही. अँड्रेसन यांना पटलं. (नंतर शपथेवर ते म्हणाले की आपण फसवले गेलो असू शकतो, आणि २०२३ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की राइटवर इतका विश्वास टाकणं चूकच होती. पण सात वर्षं पुरलं की नाही?) पाहुणा निवडताना विद्वान निवडा आणि भेटीची वेळ त्याच्या झोपेच्या वेळी ठेवा.

मग २ मे २०१६. बीबीसी आहे, ‘इकॉनॉमिस्ट’ आहे, सगळं जग कान टवकारून आहे. साहेबांनी आपल्या ब्लॉगवर पुरावा टाकला. त्यात तत्त्वज्ञ सार्त्र होते, नोबेल नाकारणारे. सही मात्र २००९ च्या एका जुन्या व्यवहारातून उचललेली निघाली, जी कुणालाही पहिल्यापासून दिसत होती. आपल्याकडे सांगायचं तर बँकेने सही मागितली आणि तुम्ही मालकाच्या जुन्या चेकची झेरॉक्स डकवलीत. काही तासांत लोकांनी ओळखलं. तीन दिवसांनी साहेबांनी लिहिलं की त्यांच्यात हिंमत नाही, त्यांना ते जमणार नाही. इथे नवशिका घाबरून दुकान बंद करतो. गुरूने तिथून पुढे दुकान वाढवलं.

किल्ली का दाखवत नाही, याची कारणं मुबलक ठेवा आणि एकमेकांना भेटू देऊ नका. किल्लीचे तुकडे ज्या हार्ड डिस्कवर होते ती संतापात पायाखाली चिरडली. बाकी ऐवज एका ट्रस्टमध्ये आहे, आणि कागद घेऊन एक कुरिअरवाला ठरल्या दिवशी येणार आहे. २०२० मध्ये घरच्या संगणकात चोर शिरले आणि किल्ल्या पुसून गेले. या शेवटच्या कारणावर तर लंडनमध्ये दावाच लावला: बिटकॉइनचे प्रोग्रॅमर माझे विश्वस्त आहेत, त्यांनी प्रोग्रॅम बदलून मला माझे एक लाख अकरा हजार बिटकॉइन परत मिळवून द्यावेत. त्यातले जवळजवळ ८० हजार ज्या पत्त्यावर (बिटकॉइनमध्ये खात्याला पत्ता म्हणतात) आहेत तो पत्ता जाणकारांच्या ओळखीचा आहे. २०११ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजमधून चोरीला गेलेला माल तिथे पडून आहे. चोरी झाली म्हणून फिर्याद करताना दुसऱ्याकडे झालेल्या चोरीचा माल आपला म्हणून सांगायला छाती लागते. हे पुस्तकातून येत नाही.

अमेरिकेत एका दिवंगत सहकाऱ्याच्या भावाने, अर्धे बिटकॉइन आमचे म्हणत, साहेबांना कोर्टात खेचलं, तेव्हा तिथे साहेबांचे म्हणून सांगितलेल्या पत्त्यांची यादी दाखल झाली. मे २०२० मध्ये त्याच यादीतल्या १४५ पत्त्यांच्या खऱ्या मालकाने, कोण ते आजही माहीत नाही, एक निरोप सही करून प्रसिद्ध केला: क्रेग स्टीव्हन राइट खोटारडा आणि ठग आहे, या सह्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे नाहीत. म्हणजे जे काम साहेबांना चार वर्षं जमत नव्हतं ते कुणीतरी १४५ वेळा करून दाखवलं. दोन-दोन मिनिटंच लागली असतील. त्या खटल्यात २०२१ च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने अर्धे बिटकॉइन द्यायची मागणी फेटाळली, पण साहेबांना १० कोटी डॉलर भरायला सांगितलं. साहेब म्हणाले, मी निर्दोष ठरलो. निकालपत्र कसं वाचायचं ते शिकून घ्या.

आता कागदपत्रं. जुने कागद जुने दिसायला हवेत, एवढं तर कुणालाही कळतं. चहाचे डाग पाडता येतात. पण संगणकाचे कागद चहाला दाद देत नाहीत. बिटकॉइनच्या आधीचा म्हणून पुढे केलेल्या एका मसुद्यात ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट सापडला. विंडोजवर मराठी वाचणाऱ्याला निर्मलाबाई परक्या नाहीत. देवनागरी अक्षरं दाखवायला मायक्रोसॉफ्टने त्यांना २०१२ च्या विंडोज ८ बरोबर आणलं. २००८ च्या कागदात त्या आल्या कुठून? लग्नाच्या फोटोत आपलीच नात उभी दिसावी तसं झालं. जगातल्या सर्वांत मोठ्या आर्थिक रहस्याच्या खटल्यात आपल्या लिपीच्या सेवेतल्या बाईंनी साक्ष द्यावी, याचा मला व्यक्तिशः अभिमान वाटतो.

हाताने लिहिलेल्या नोंदी तरी सुरक्षित, असं वाटेल. त्याही २००७ च्या म्हणून आल्या. ज्या पॅडवर होत्या तसं पॅड त्या काळी छापलंच गेलं नव्हतं. मूळ निबंधाच्या लेटेक (पानं जुळवायच्या एका प्रोग्रॅमच्या) फाइली म्हणून जे दिलं, त्यात नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये, खटल्याच्या तोंडावर, अक्षरं इकडून तिकडे सरकवून ते मूळ पानासारखं दिसावं म्हणून केलेली मेहनत तासागणिक नोंदलेली होती. सातोशीने तो निबंध मुळात साध्या ओपनऑफिसमध्ये लिहिला होता.

पकडले गेलात तर दोष वाटून टाका. जुने नोकर, हॅकर, आधीचे वकील. साहेबांच्या स्वतःच्या तज्ज्ञानेही बऱ्याच बनावटी कबूल केल्या, तर साहेब म्हणाले, तो तज्ज्ञ त्या कामाचाच नाही. आपणच फी देऊन आणलेल्या वैद्याला आपणच भोंदू म्हणावं, ही पातळी गाठायला वेळ लागतो.

आणि बचाव करत बसू नका, हल्ला करा. नॉर्वेतल्या एका शाळामास्तराने तुम्हाला ठग म्हटलं? खेचा कोर्टात. पॉडकास्टवाला पीटर मॅककॉर्मॅक म्हणाला? त्यालाही. (मॅककॉर्मॅकविरुद्ध बदनामी झाल्याचं कोर्टाने मान्य केलं, पण साहेबांनी खोटी बाजू मांडली म्हणून २०२२ मध्ये भरपाई दिली एक पौंड. फ्रेम करून लावण्यासारखी रक्कम.) जो निबंध सातोशीने जगाला फुकट वाचायला दिला, तो एका संकेतस्थळावरून काढून टाकायचा आदेशही साहेबांनी २०२१ मध्ये मिळवला, समोरचा निनावी चालक आपलं नाव सांगून हजर व्हायला तयार नव्हता म्हणून. निनावी राहिलेल्या माणसाचा वारसा असा चालवतात.

या सगळ्याला पैसा कुठून येतो? भक्त गाठा. जुगाराच्या संकेतस्थळांवर गब्बर झालेले केल्विन एअर साहेबांच्या पाठीशी उभे राहिले. २०१८ मध्ये ‘सातोशीचं खरं स्वप्न’ म्हणून बीएसव्ही नावाचं वेगळं नाणंही निघालं. कोकणातल्या किल्ल्यांची आठवण झाली असेल, तर तुमचं शिक्षण नीट चाललंय.

शेवटी मोठ्या कंपन्यांच्या एका संघटनेने उलटा डाव टाकला: हा सातोशी नाही असं कोर्टानेच जाहीर करावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मेलर यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. सहा आठवडे. त्यातला एक प्रसंग पाठ करून ठेवा. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, सातोशीच्या प्रोग्रॅममध्ये ‘अनसाइन्ड’ पूर्णांक आहेत, त्याचा अर्थ काय? उणे होऊ न शकणारी संख्या, एवढंच उत्तर. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं तोंडी परीक्षेत देतात. साहेबांना सांगता येईना. अनसाइन्ड! आठ वर्षं सही न करण्यात घालवलेल्या माणसाला नेमका हाच शब्द अडावा, हे नाटकात लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने फार झालं म्हणून कापलं असतं.

१४ मार्चला युक्तिवाद संपले आणि न्यायमूर्तींनी राखून न ठेवता तिथेच सांगितलं: राइट सातोशी नव्हेत, निबंध त्यांचा नव्हे, प्रोग्रॅमही त्यांचा नव्हे. मे महिन्यात सविस्तर निकाल आला. ते कोर्टाशी वारंवार आणि भरपूर खोटं बोलले, बनावट कागद डझनावारी सापडले, आणि डॉ. राइट अत्यंत हुशार म्हणून मिरवतात पण स्वतःला समजतात तितके ते हुशार नाहीत, असं त्यात लिहिलेलं आहे. खोटी साक्ष आणि बनावट कागद यांचा तपास व्हावा म्हणून कागद सरकारी वकिलांकडे गेले. आपण सातोशी नसल्याची सूचना साहेबांनी आपल्याच संकेतस्थळावर सहा महिने लावायची, असाही हुकूम झाला. भाऊंच्या तोतयाला पुण्यात देहदंड झाला होता. तुलनेने हे क्षेत्र आता खूपच सुरक्षित झालंय.

थांबायचं नसतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. अपील केलं, तर त्यात न घडलेल्या खटल्यांचे दाखले निघाले. अपिलाच्या न्यायमूर्तींना ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे भास वाटले. असे दावे पुन्हा लावू नका असं बजावलेलं असताना साहेबांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ९१,१०० कोटी पौंडांचा नवा दावा लावला. कोर्टाचा अवमान झाला म्हणून डिसेंबरमध्ये त्यांना बोलावणं गेलं.

त्याच महिन्यात एका बिटकॉइनने एक लाख डॉलरचा भाव ओलांडला होता. साहेब आले नाहीत. आशियातून, पण नेमकं कुठून ते न सांगता, पडद्यावर हजर झाले, आणि एक वर्षाची स्थगित शिक्षा त्यांनी तशीच ऐकली. प्रत्यक्ष यायला ते तयार होते, फक्त त्यांची एक अट होती. प्रवासखर्च आणि बुडालेली कमाई म्हणून ११ लाख बिटकॉइनच्या मालकाला आधी दोन लाख चाळीस हजार पौंड हवे होते.