तिशीच्या आतला म्हातारा: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. वयापेक्षा खूप मोठी भूमिका करणाऱ्या नटांचं मी उगाच कौतुक केलं, असं तुमचं म्हणणं. थोराड चेहरा, विरळ केस आणि चांगला रंगभूषाकार मिळाला की कोणीही म्हातारा दिसतो. ‘सारांश’ चित्रपटात निवृत्त शिक्षक झालेल्या अनुपम खेरांचं निम्मं काम त्यांच्या टकलानेच केलं, असंही तुम्ही लिहिलंत.

चेहऱ्याची मदत होतेच. खोल डोळे, नाकापासून ओठांच्या कडेला उतरणारी ठळक रेघ, मागे गेलेले केस, एवढ्यावर प्रेक्षक पहिल्या प्रवेशापुरतं वय मान्य करतो. पुढे काय? खेरांचा जन्म १९५५चा, चित्रपट १९८४चा. त्या वयात टक्कल पडलेले पुष्कळ पुरुष असतात. त्यांना कोणी निवृत्त शिक्षक समजत नाही.

वय खरं कळतं ते उठण्याबसण्यात. मांड्यांतली ताकद कमी झाली की माणूस खुर्चीत आधी पुढे सरकतो, हात टेकतो, मग उठतो. मान आखडलेली असली की हाकेसरशी खांद्यांसकट वळतो. पाऊल आखूड पडतं. आणि आवाज! म्हातारा म्हटला की हौशी नट घोगरा, जड आवाज लावतात. प्रत्यक्षात उतारवयात पुरुषाचे स्वरतंतू बारीक होत जातात आणि आवाज बहुधा थोडा वरच जातो. दम पुरत नाही, म्हणून वाक्य भलत्याच जागी तुटतं.

हे सगळं शिकता येतं. अवघड आहे ते पुढचं. म्हातारा माणूस आपलं म्हातारपण दाखवत नसतो, लपवत असतो. थरथरणारा हात तो दुसऱ्या हाताने दाबून धरतो. जिना चढताना धाप लागली तर काहीतरी बघायचं निमित्त करून थांबतो. कच्चा नट थरथर दाखवतो, जाणता नट ती थांबवायची धडपड दाखवतो. माझं कौतुक या धडपडीचं आहे.

१९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या नटाचं काम करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. नाटकात क्लोजअप नसतो. मागच्या रांगेला रंगवलेल्या सुरकुत्या दिसत नाहीत, त्यामुळे तिथपर्यंत वय पोचवायचं ते शरीराने आणि आवाजानेच.

टकलाच्या मुद्द्यावर तर ‘मदर इंडिया’ बघाच. १९५७चा चित्रपट. नर्गिस आणि त्यांच्या मुलाचं काम करणारे सुनील दत्त, दोघांचाही जन्म जून १९२९चा. नर्गिसचा चेहरा थोराड नव्हता. केस पांढरे केले होते, हे खरं. पण तेवढ्याने कोणी आपल्याच वयाच्या नटाची आई वाटत नाही. तिथे रंगभूषेला किती श्रेय द्याल, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.