पन्नास तास, पण कोणासोबत?

प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यक्त केली आहे. पाटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत माझ्या वहिनी भूगोल शिकवतात. हा विषय निघाला की त्यांच्या शिक्षककक्षात दोन तट पडतात. प्रशिक्षणावाचून शिक्षक साचतो, असे एकांचे म्हणणे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून वर्गालाच वेळ उरत नाही, मग मोबाइलवर प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावून वह्या तपासाव्या लागतात, असे दुसऱ्यांचे. मला दुसऱ्यांची तक्रार खरी वाटते. तरीही ते तास कोणाच्या सहवासात जावेत, याविषयी दोन्ही तट फारसे बोलत नाहीत.

मी टेक्सासमधील कॉलेज स्टेशन येथे राहते. समुद्रतळात छिद्रे पाडून गाळाचे आणि खडकाचे कोअर, म्हणजे नळीच्या आकाराचे लांब नमुने, काढणारे ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ हे जहाज येथील विद्यापीठ चालवत असे. २००५ पासून ‘स्कूल ऑफ रॉक’ या नावाने शिक्षकांना त्या जहाजावर नेण्याचा उपक्रम सुरू झाला. शिक्षक संशोधकांच्या शेजारी उभे राहून कोअरचे वर्णन लिहीत, सूक्ष्म जीवांचे सांगाडे भिंगाखाली ओळखायला शिकत आणि त्यातून वर्गासाठी पाठ तयार करत. जमिनीवरील कार्यशाळाही झाल्या, आणि अशाच एका बैठकीत मागच्या बाकावर बसण्याची संधी मला मिळाली.

त्या दिवशी टेबलावर एका प्रसिद्ध कोअरची प्रतिकृती होती. मूळ कोअर फ्लोरिडाच्या पूर्वेला अटलांटिकच्या तळातून १९९७ साली काढलेला: खाली फिकट गाळ, मग उल्कापाताने उडालेल्या बारीक गोलकांचा पट्टा आणि त्यावर जवळजवळ ओस पडलेल्या समुद्राचा करडा गाळ. डायनासोर संपवणाऱ्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या विनाशात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, यावरून दोन संशोधकांमध्ये सर्वांदेखत वाद जुंपला आणि शिक्षक तो टिपून घेत राहिले. त्यांतील एका शिक्षिकेने मला विचारले, ‘तुम्ही त्या लाव्हावरच वाढलात ना?’ शाळेत मी काळी मृदा आणि कापूस एवढेच पाठ केले होते, त्यामुळे उत्तर द्यायला मला अंमळ वेळ लागला.

शिक्षकाने संशोधकाला असे अडखळताना आणि मत बदलताना पाहणे, हेच मला अशा कार्यशाळेचे सर्वांत मोलाचे देणे वाटते. माहिती पाठ्यपुस्तकातही मिळते. परंतु कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, हे ज्याने जवळून पाहिले आहे, तो शिक्षक मुलाच्या आडव्या प्रश्नाला ‘अभ्यासक्रमात नाही’ असे म्हणून सहसा टाळत नाही.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. येथेही भूविज्ञान शिकवणाऱ्या अनेकांची पदवी दुसऱ्याच विषयाची असते, आणि असे उपक्रम अनुदानावर तगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने निधी थांबवल्यामुळे २०२४ मध्ये या जहाजाच्या मोहिमाच संपल्या. हेच जहाज २०१५ साली अरबी समुद्राचा तळ खोदून मुंबईला लागले होते, आणि त्या मोहिमेतील कोअर आज जपानमधील कोची येथे जतन केलेले आहेत. ते पाहायला आपल्या शिक्षकांनी जपानला जावे, असे कोणी म्हणणार नाही.

तशी गरजही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ज्या भूकंपाने हादरवले, त्या पट्ट्यातील हादरे अर्धशतक उलटून गेले तरी थांबलेले नाहीत. जलाशयाचा भार आणि भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांचा त्यात नेमका कसा वाटा आहे, हे समजून घेण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली. गोठणे येथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतला गेला, आणि सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे त्याच दख्खनच्या लाव्हाचा थिजलेला खडक, ओलांडल्यावर त्याखालचा ग्रॅनाइट लागला. ज्या मुलांच्या घरातील भांडी या हादऱ्यांनी वाजतात, ती वहिनींना विचारतात, ‘धरण रिकामे केले तर हे थांबेल का?’ वहिनींच्या पुस्तकात याचे उत्तर नाही, आणि कराडचे संशोधकही ते एका वाक्यात देतील असे मला वाटत नाही. पण ते जिथे अडखळतील ती जागा वहिनींनी पाहावी, असे मला फार वाटते.

त्यासाठी जहाज लागत नाही. ५० तासांपैकी दोन दिवस अशा ठिकाणी घालवले तर ते प्रशिक्षण म्हणून धरले जातील, असा लेखी आदेश लागेल, त्या दोन दिवसांत दुसरे कोणतेही काम गळ्यात पडणार नाही अशी हमी लागेल, आणि एक एसटी लागेल. वहिनींचे माहेर कराडचेच आहे. दर दिवाळीला त्या तिथे जातात, प्रयोगशाळेत जाण्याचा योग मात्र अजून आलेला नाही.